मांडवाचे खड्डे

आमच्या शहराच्या क्रीडा संकुलातली मुलींची कपडे बदलायची खोली मी एका शनिवारी सकाळी उघडली आणि आतून दोन कुत्री माझ्या पायांतून बाहेर पळाली. खोलीत कुठल्याशा जेवणावळीच्या पत्रावळ्यांचा ढीग होता. बेसिनमध्ये पानाची पिंक होती. संडासाच्या भांड्यात कुणीतरी उरलेला कोंबडीचा रस्सा ओतला होता आणि त्यावर तेलाचा तवंग आला होता. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. पोरींच्या सोलवटलेल्या गुडघ्यांतून खडे काढण्यात आणि फुटलेली नाकं पुसण्यात माझी हयात गेली, मला सहसा कशाची शिसारी येत नाही. त्या दिवशी मात्र मी बाहेर येऊन भिंतीला धरून ओकले. रखवालदार हातात चहाचा कप घेऊन लांबून बघत होता.

"बंद व्हती ती बरी व्हती, बाई," तो म्हणाला. "तुमाला उगडायला कोनी सांगितलं?"

चावी मी ऑफिसात भांडून आणली होती, हे त्याला ठाऊक होतं. घाण कुणी केली हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बादली मागितली. बादलीला बूड नव्हतं.

संकुल म्हणायचं आणि गप्प बसायचं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पोहण्याचा तलाव आहे. समुद्राकाठच्या गावाला तलाव कशाला, असं कुणी विचारलं की पूर्वी मी तावातावाने सांगायचे, की समुद्र पोहायला शिकवत नाही, तो फक्त परीक्षा घेतो. आता विचारलं तर विषय बदलते. तलावात पाणी आहे, ते पावसाचं, हिरवं, आणि त्याला साचलेल्या गटारासारखा वास येतो. ओपन जिम आहे. खाऱ्या वाऱ्याने तिची यंत्रं वर्षभरात गंजली, त्यांवर आता रखवालदाराच्या घरची धुणी वाळतात. देणगीदाराच्या नावाची पाटी तेवढी स्टेनलेस स्टीलची लावलेली, ती अजून लखलखते. चालायच्या ट्रॅकवर संध्याकाळी गाड्या उभ्या असतात. मोठा हॉल आहे, त्यात चादरींचं आणि लोणच्यांचं प्रदर्शन भरतं. कबड्डीची मॅटही आली होती. एकदा अंथरली, चार पुढाऱ्यांनी बूट घालून तिच्यावर उभं राहून फोटो काढले, मग हॉलच्या कोपऱ्यात रचून ठेवली. छप्पर गळलं, मॅटला बुरशी आली, उंदरांनी तिचे कोपरे खाल्ले. एक तुकडा मी उचलून बघितला तर खाली उंदराची पिल्लं होती, गुलाबी, डोळे न उघडलेली.

तिथून अर्ध्या तासावर नागावचा किनारा आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे येतात, पिवळ्या बोटींवर बसून किंचाळतात, गाड्यांतून वाळूत गोल गोल फिरतात, आणि त्यांच्यासाठी गोड्या पाण्याचे शॉवर आहेत, कपडे बदलायला स्वच्छ खोल्या आहेत. आमच्या शहरातल्या मुलींना मात्र खेळून झाल्यावर मातीचे पाय घेऊन एसटीत बसावं लागतं आणि कंडक्टरची बोलणी खावी लागतात. मला या सगळ्याची चीड येई. चीड हा शब्द मी सभ्यपणे वापरतेय.

तर या उकिरड्यात एकच गोष्ट माझी होती. संकुलाच्या मागच्या बाजूला मातीचं कबड्डीचं मैदान. ते मी केलं होतं, अक्षरशः माझ्या पायांनी.

माझे वडील मिठागरात काम करायचे. मीठ पिकायचं तर खाचराचा तळ दगडासारखा पक्का लागतो, आणि तो पक्का करायची रीत म्हणजे माणसांनी रांगेत उभं राहून, अनवाणी, टाचेशी टाच लावून तो तुडवायचा. ओली माती तुडवायची, एक दिवस उन्हात सोडायची, परत पाणी मारून तुडवायची. माझे वडील नुसते चालत जायचे आणि सांगायचे, इथे खाली भुसभुशीत आहे. डोळ्यांनी दिसायचं नाही. त्यांच्या टाचेला कळायचं. "मातीला डोले लावू नको, टाच लाव," ते म्हणायचे. मी शेतातली चिकट माती आणवली, मुलींकडून चाळून घेतली, त्यात खडेमीठ टाकलं, कारण मीठ ओल धरून ठेवतं, आणि मग वीस मुलींना रांगेत उभं करून मैदान तुडवून घेतलं. दरवर्षी पावसाळा संपला की हेच. मुली कंटाळायच्या, हसायच्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून तुडवायच्या. रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी मी चपला काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. टाच रुतली की त्या जागेवर पाणी, माती, परत तुडवणं. या नियमाला सुट्टी नव्हती. पोरींचे पाय माझ्या भरवशावर तिथे पडायचे.

या मैदानाला एकच शत्रू होता, आणि तो म्हणजे हळद.

आमच्याकडे, आगऱ्यांच्या घरांत, हळद लग्नापेक्षा मोठी असते. लग्नाला माणूस नाही आला तर चालतं, हळदीला नाही आला तर तो वर्षभर बोलणी खातो. अख्खं गाव जेवतं, बँड असतो, डीजे असतो, आणि एवढी माणसं मावतील असा मांडव कुठल्याच अंगणात मावत नाही. मग मोकळी जागा दिसली की लोकांची नजर जाते. तुळशीची लग्नं लागली की संकुलाच्या ऑफिसात हळदीवाल्यांच्या खेपा सुरू व्हायच्या. ऑफिसवाले खुशाल परवानगी द्यायचे. सकाळी मी जाऊन बघते तर माझ्या मैदानात पहारीने खणलेले हातभर खोल खड्डे, तेलाचे डाग, हाडं, फुटलेल्या बाटल्या. एक वर्ष तर बोनस रेषेवर, जिच्यापलीकडे चढाईवालीने पाय टाकला की जादा गुण मिळतो तिच्यावरच, चूल मांडली होती. माती भाजून वीट झाली होती.

तेव्हा मी युद्ध पुकारलं. मांडववाले आले की मी मैदानाच्या मधोमध जाऊन बसायचे. पहार हिसकावून घ्यायचे. एकदा एका नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला. "बाई, येकच दिस. माजी येकच पोरगी हाय." मी त्याला म्हटलं, "तुमची एक आहे, माझ्या वीस आहेत. त्यातल्या एकीचा पाय मोडला तर तुम्ही भरून देणार का?" त्याच्याबरोबर त्याची बायको होती, नातेवाईक होते. त्याने मान खाली घातली आणि मांडव रस्त्यापलीकडे नेला. मी ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत असे. माझी ही कामगिरी मला फार आवडायची.

त्या वीस जणींत एक होती. खारेपाटातल्या, खाडीकाठच्या खारजमिनीवरच्या गावातली, बारावीतली, काळी, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन जन्मल्यासारखी. तिला बाप नव्हता. आई नागावला एका होमस्टेमध्ये स्वयंपाक करायची आणि पाहुण्यांच्या चादरी धुवायची. ही पहाटे उठून सहा आसनी रिक्षाच्या मागच्या दांडीला लटकून शहरात यायची. चढाईला गेली की समोरच्या मुलींना वाटायचं ही आता थकली, आणि तेवढ्यात हिचा पाय मागून निघून त्यांना लागलेला असायचा. मी बऱ्याच मुलींना कबड्डी शिकवली. हिला मी फारसं शिकवलं नाही, फक्त आडवी आले नाही.

तिच्या मामाने तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा ट्रक चालवायचा, घर बरं होतं, आणि मामाचंही काही वाईट मनात नव्हतं. मी आणि तिची आई मामाकडे गेलो. पुष्कळ बोलणं झालं. शेवटी मामा म्हणाला, "यंदाचं येक वर्स थांबतो, बाई. जिल्ह्याच्या टीममदी तिचं नाव आलं तर फुडं बोलायचं न्हाय, खेळू दे, पोलीस हू दे. न्हाय आलं तर मंग माजं ऐकायचं." आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "येणार. नाव येणार म्हणजे येणार." जिल्ह्याच्या निवड चाचण्या हिवाळ्यात होत्या, आणि मॅट सडलेली म्हणून त्या माझ्या मातीच्या मैदानावर घ्यायचं ठरलं होतं. त्या मुलीचं पुढचं आयुष्य त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. तिने मिरची खाणं सोडलं, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की मिरचीने दम कमी होतो. मी हसले, पण खा म्हणून सांगितलं नाही.

आणि त्याच हिवाळ्यात माझ्या लेकाचं लग्न ठरलं.

मी हे आता लिहिताना सारवासारव करू शकते. लिहू शकते की घरच्यांनी ऐकलं नाही, की मी नको म्हणत होते, की आमच्या ह्यांनी परस्पर ठरवलं. तसं काही झालं नाही. मोठ्या जाऊबाईंच्या मुलाच्या हळदीला अख्खा तालुका लोटला होता आणि त्या दिवसापासून माझ्या मनात होतं की माझ्या एकुलत्या एक लेकाची हळद त्याहून थोडी तरी मोठी झाली पाहिजे. आमचं अंगण लहान. सगळे हॉल लागलेले. धाकटे दीर, ज्यांचे दोन डंपर आहेत आणि ज्यांना कुठलीही अडचण ही अडचण वाटत नाही, जेवताना म्हणाले, "वयनी, तुमच्या ग्राउंडासारकी जागा न्हाय. आपलं घरचंच काम हाय. मी सोता उभा राहतो, सकाली येक खड्डा दिसनार न्हाय."

मी पटकन नाही म्हणाले नाही. पानातला भात कालवत बसले. मग म्हटलं, "हळदीनंतर आठच दिवसांनी चाचण्या आहेत."

"आठ दिस कशाला? मी येका सकालीत बुजवून देतो."

आणि मी हो म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ऑफिसातला कारकून परवानगीच्या कागदावर शिक्का मारताना तोंडातल्या तोंडात हसला. मी ते हसू बघितलं आणि त्याला म्हटलं, "माझी माणसं जागा नीट करून देतात." तो म्हणाला, "तेच तर सगले म्हनतात, बाई."

हळद चांगली झाली. खोटं कशाला बोलू, फार चांगली झाली. मी हिरव्या शालूत मिरवले, नाचले, जाऊबाईंचं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी वरातीच्या गडबडीत मी मैदानावर गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. तिसऱ्या दिवशी गेले तर दिरांनी शब्द पाळला होता. मैदान सपाट होतं. हाडं नव्हती, पत्रावळ्या नव्हत्या, पाणी मारून वरून माती लिंपलेली होती. मी चपला काढल्या आणि चालले.

बोनस रेषेच्या अलीकडे, डाव्या कोपऱ्याच्या बाजूला, माझी टाच रुतली.

थोडीच. बोटभर. मी वाकून नखाने वरची माती उकरली. खाली रेती होती. किनाऱ्याची, करड्या रंगाची, शिंपल्यांच्या चुऱ्याची रेती. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांची ही जुनी खोड आहे. कुठेही खड्डा दिसला की भर रेती, घराच्या जोत्यात रेती, रस्त्याच्या खड्ड्यात रेती, आणि दिरांच्या तर डंपरातच ती होती. रेती कधी धरत नाही. वरून मातीचं कातडं ओढलं की ती पक्की दिसते आणि पाय जोरात पडला की सरकते. हे कुणाला माहीत नसेल तर नसो, मिठागरवाल्याच्या मुलीला माहीत होतं. मी सगळे खड्डे शोधले. अठरा होते. सगळ्यांत रेती.

मी दिरांना फोन केला. ते मुरुडला होते. "वयनी, रेतीच भरतात सगलीकडं," ते म्हणाले, "पानी मारा, बसंल." मी दोन गड्यांना बोलावून एकेक खड्डा उकरायला लावला, रेती काढून माती भरली. पण खड्डा नीट तुडवून वाळवायला, परत भिजवून तुडवायला जितके दिवस लागतात तितके माझ्याकडे नव्हते. त्यात पूजेचे पाहुणे घरी बसलेले, सुनेच्या माहेरची माणसं यायची. बोनस रेषेजवळचे तीन खड्डे राहिले. मी म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी सून पहिल्यांदा माहेरी जायला निघाली, तिची पाठवणी केली. मग म्हटलं परवा.

चाचण्यांच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचले आणि चालले. डावीकडची ती जागा अजून मऊ होती. टाच तशीच बोटभर रुतली. निवड समितीची गाडी फाटकातून आत येत होती. शेजारच्या तालुक्यांतल्या मुली व्हरांड्यात कपडे बदलत होत्या, एकमेकींना चादरीचा आडोसा धरून. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: दोन दिवस थांबा, जागा खराब आहे. समितीचे प्रमुख होते ते गृहस्थ थांबले असते. भले माणूस होते. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की कशाने खराब झाली? आणि त्या व्हरांड्यात रखवालदार होता, कारकून होता, ज्यांच्या पहारी मी हिसकावल्या होत्या त्यांच्यातले दोघे जण मांडव घालायला हॉलमध्ये आले होते. या सगळ्यांच्या देखत मला सांगावं लागलं असतं की माझ्या लेकाच्या हळदीने.

मी ती जागा टाचेने दाबली. पाणी शिंपडलं. वरून सुकी माती भुरभुरली आणि चुन्याच्या फक्कीने बोनस रेषा आखली, नेहमीपेक्षा जरा ठळक. मैदान दिसायला सुंदर झालं. समितीतल्या त्या गृहस्थांनी चपला काढून मैदानाला नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, या सगळ्या घाणीत तुम्ही हे कसं राखलंत?" मी म्हटलं, "ठेवावं लागतं."

मी तिला सांगू शकले असते. निदान तिला तरी. डाव्या कोपऱ्यात बोनसला जाऊ नकोस, एवढं कानात. पण तिला का सांगितलं हेही सांगावं लागलं असतं, आणि ती बडबडी होती, पाच मिनिटांत सगळ्या मुलींना कळलं असतं. हा हिशेब मी त्या सकाळी उभ्या उभ्या केला. फार वेळ लागला नाही.

पहिल्या तीन चढायांत तिने पाच गुण आणले. समितीतली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. एकाने कागदावर तिच्या नंबराभोवती गोल केला, ते मी माझ्या जागेवरून बघितलं. चौथ्या चढाईला तिने डावीकडे झुकांडी दिली, डावा पाय लांब टाकून बोनस घेतला, आणि परत वळण्यासाठी उजवा पाय रोवला. तो पाय रोवला गेलाच नाही. माती सरकली, पाय तिथल्या तिथे राहिला आणि सगळं अंग वळलं. आवाज आला. तो आवाज मी या आधी दोनदा ऐकला आहे, ओली फांदी मोडताना येतो तसा. कुणी तिला शिवलंही नव्हतं. ती गुडघा धरून खाली बसली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर हात लांब करून बोनस रेषा चाचपली. मग आडवी पडून रांगत मध्यरेषेकडे जायला लागली. कबड्डी, कबड्डी म्हणत. पंचांनी शिट्टी वाजवली तरी थांबेना. मी धावत गेले आणि तिला धरलं, तेव्हा तिने विचारलं, "बाई, बोनस दिला का?"

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, आणि नंतर चालेल-फिरेल, पण कबड्डी विसरा.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण पुढचंच खरं घाणेरडं आहे. दोन दिवसांनी संकुलात निषेधाची सभा झाली. सडलेली मॅट, गळकं छप्पर, मुलींना मातीवर खेळावं लागलं, एका गुणी मुलीचा पाय मोडला. सगळ्यांनी मला बोलायला उभं केलं. आणि मी बोलले. त्या कपडे बदलायच्या खोलीपासून सुरुवात केली, कोंबडीच्या रश्श्यासकट. उंदराची पिल्लं सांगितली. तलावाचा वास सांगितला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, बायका डोळे पुसत होत्या. मागे कारकून भिंतीला टेकून उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मी त्याच्याकडे पाठ केली आणि आवाज आणखी चढवला. सभा झाल्यावर मला कुणीतरी नारळ दिला.

त्या संकुलाची किळस मला आजही येते. पण आता ती पूर्वीसारखी मोकळी येत नाही. नाकाला पदर लावावा तर वास आपल्याच अंगाला येतो.

मैदान मी नंतर सगळं उकरलं, एकटीने. रेती चाळून बाहेर काढली. दीर विचारत होते, "वयनी, आता कशाला?" मी रेतीचं घमेलं भरत राहिले. त्यांची काय चूक? त्यांनी सगळे भरतात तशी रेती भरली. टाच माझी होती.

महिन्याने तिच्या घरी गेले. तोपर्यंत मी रोज उद्या जाऊ, परवा जाऊ करत होते. सोबत सफरचंदं नेली, आजाऱ्याकडे नेतात तशी. घर विटांचं, गिलावा न केलेलं, दारात जाळी वाळत पडलेली. ती खाटेवर बसली होती, गुडघ्याला पट्टा, पाय उशीवर. मला बघून उठायला लागली, मी हाताने बसवलं. आई चहा ठेवायला आत गेली. आतूनच म्हणाली, "बाई, मामा बोलून गेला. फागनात उरकायचं म्हंतोय. पोरगा चांगला हाय, पायाचं सांगितलंय त्यांना, तरीबी व्हय म्हनाले." तिच्या आवाजात राग नव्हता. जीव भांड्यात पडल्याचं समाधान होतं. मला तेही सहन झालं नाही.

मी ठरवून गेले होते. रिक्षात बसून मनात वाक्यं जुळवली होती. पोरी, ती जागा भुसभुशीत होती आणि मला माहीत होतं. एवढंच. एका दमात बोलायचं आणि मग ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "बाई, येक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मी इथं बसून रोज आटवते. तोच पाय, तोच टर्न, हजार वेला मारला असंल. तवा कदीच काय झालं न्हाय. त्या दिवशीच माजं काय चुकलं?"

ती माझ्याकडे बघत होती, चढाईतून परत आल्यावर बघायची तशी. मी काय सांगते ते पुढच्या वेळी बरोबर करायचं, अशी. आतून चहाच्या उकळीचा आवाज येत होता. मी सफरचंदांची पिशवी खाटेवर ठेवली.

"टाच आधी टेकवलीस," मी म्हणाले. "अंग सगळं टाचेवर आलं. वळताना चवड्यावर वळायचं असतं."

तिने मान हलवली. मग चांगला पाय खाटेखाली सोडून चवडा जमिनीवर टेकवला आणि टाच उचलून हळूच वळवून बघितला.

"असा?" तिने विचारलं.

"हां," मी म्हटलं. "असा."